मानवत नाही की ॲलर्जी आहे?

अन्नाने होणाऱ्या त्रासासाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत. दूध ‘सोसत नाही’, वाल ‘वातुळ’ असतात, हरभऱ्याची डाळ ‘मानवत नाही’, एखादी भाजी ‘बाधते’, आणि कोळंबी खाल्ल्यावर कुणाच्या ‘अंगावर पित्त उठतं’. हे शब्द वैद्यकाच्या पुस्तकातून आलेले नाहीत, तरी ते वापरणाऱ्यांना त्रासाचे प्रकार वेगवेगळे असतात हे ठाऊक होतं. आता या सगळ्यांची जागा ‘ॲलर्जी’ या एका शब्दाने घेतली आहे. दुधाने पोट फुगतं तीही ॲलर्जी, वांग्याने जीभ खाजते तीही ॲलर्जी, आणि शेंगदाण्याचा एक दाणा खाऊन मुलाचा श्वास कोंडतो तीही ॲलर्जीच. यात तोटा दोन्हीकडच्यांचा होतो. ज्याला नुसतं पचत नाही तो एखादा सकस पदार्थ आयुष्यभर विनाकारण टाळतो. आणि ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याचं बोलणं पंगतीत कुणी मनावर घेत नाही. हा फरक ओळखण्याची सुरुवात महागड्या तपासणीने करावी लागत नाही, असं माझं म्हणणं आहे. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं आणि तसं दर वेळी होतं का, एवढं नीट सांगता आलं तर डॉक्टरांचं बरंचसं काम तिथेच होतं. तपासणी त्यानंतरची, आणि त्या हकिगतीवरून ठरलेली असावी.

गोंधळ या शब्दाच्या जन्मापासूनच आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातल्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला, तेव्हा त्याच्या मनातला अर्थ बराच सैल होता: एखाद्या पदार्थाशी गाठ पडल्यावर शरीराची प्रतिक्रिया बदलते, एवढंच. तो अर्थ नेमका व्हायला साठ वर्षं लागली. १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. क्युस्टनरला मासे चालत नसत. त्याच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर मासे आनंदाने खाणाऱ्या प्राउस्निट्झच्या कातडीवर तेवढ्याच जागी गांध उठली. म्हणजे दोष माशात नव्हता आणि पोटातही नव्हता. क्युस्टनरच्या रक्तात असं काही होतं जे माशाला शत्रू समजत होतं. ते ‘काही’ म्हणजे काय, हे १९६६-६७ मध्ये अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिख यांनी शोधलं. त्या प्रतिपिंडाला आज आयजीई म्हणतात. एकदा हा प्रतिपिंड शरीरात तयार झाला की तो त्वचेतल्या, श्वासमार्गातल्या आणि आतड्यातल्या विशिष्ट पेशींवर जाऊन बसतो, आणि पुढच्या खेपेला त्या अन्नातलं प्रथिन आलं की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि तशीच इतर रसायनं सोडतात. इथे शरीराची संरक्षणयंत्रणा कामाला लागलेली असते, म्हणून कणभर अन्नही पुरतं, आणि म्हणूनच त्रास पोटापुरता राहत नाही. न मानवणं ही गोष्ट मुळातच वेगळी आहे. तिथे संरक्षणयंत्रणेचा संबंध नसतो. एखादं पाचक द्रव्य कमी पडतं, किंवा अन्नातली साखर आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागून वायू धरतो. हा हिशेब क्षमतेचा आहे, आणि क्षमतेचा हिशेब नेहमी मात्रेवर अवलंबून असतो.

दुधाचं उदाहरण घेतलं की हे स्पष्ट होतं, कारण दूध दोन्ही प्रकारे त्रास देऊ शकतं आणि दोन्ही वेळा लोक ‘दुधाची ॲलर्जी’ असंच म्हणतात. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारं लॅक्टेज हे द्रव्य तान्हेपणी भरपूर असतं, आणि जगातल्या बहुसंख्य लोकांमध्ये वय वाढेल तसं ते कमी होतं. भारतात उत्तर-पश्चिमेकडे मोठेपणीही दूध पचवणारे अधिक, दक्षिणेकडे कमी. म्हणजे मोठ्या माणसाला पेलाभर दुधाने गुडगुडणं हा आजार म्हणण्यापेक्षा माणसाच्या शरीराची सर्वसाधारण रीत आहे. अशा बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणाबरोबर घेतलं तर फारसा त्रास होत नाही. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, तुपात ते जवळजवळ नसतं, त्यामुळे चहातलं दूध, दही, ताक, तूप हे सगळं बंद करण्याची गरज क्वचितच असते. लहान मुलांत जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे दूध पचेनासं होतं तेही याच प्रकारातलं, आणि ते आपोआप सुधारतं.

दुधाच्या ॲलर्जीत मात्र भांडण साखरेशी नसून केसीनसारख्या प्रथिनांशी असतं. तिथे दह्याने, पनीरने सुटका होत नाही, तुपात राहिलेला प्रथिनाचा अंशही तीव्र ॲलर्जी असलेल्याला बाधू शकतो, आणि गाईऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध देणं हा उपाय नव्हे, कारण त्यांची प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. इथे एक चूक सर्रास होते आणि ती धोक्याची आहे. दुकानात ‘लॅक्टोज-मुक्त’ असं छापलेलं दूध मिळतं. त्यातली साखर तेवढी फोडलेली असते. प्रथिनं जशीच्या तशी असतात. न पचणाऱ्याला ते वरदान आहे, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हातात तो पेला देणं म्हणजे साधं दूध देण्याइतकंच वाईट. शब्दांचा घोळ जिवावर कसा बेततो याचं याहून सरळ उदाहरण मला सापडत नाही.

आता स्वतःला विचारायच्या प्रश्नांकडे येऊ. पहिला प्रश्न वेळेचा. आयजीईची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांच्या आत सुरू होते. रात्री उसळ खाल्ली आणि सकाळी पोट डब्ब झालं, तर ही ॲलर्जी असण्याची शक्यता कमी. दुसरा प्रश्न शरीराच्या कोणत्या भागाला त्रास झाला हा. अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, घसा आवळणं, आवाज बसणं, खोकला, धाप, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही अन्नानंतर लगेच झालं तर ते न पचण्याचं लक्षण समजू नये. नुसतं पोटच धरलं असेल तर न मानवण्याकडे कल अधिक. मात्र उलट्या आणि पोटात कळा दोन्हीकडे असतात, म्हणून एकट्या पोटाच्या लक्षणांवरून निर्णय होत नाही. तिसरा प्रश्न मात्रेचा: थोडं खाल्लं तर चालतं का? ‘अर्धी वाटी चालते, दोन वाट्या झाल्या की त्रास होतो’ असं उत्तर आलं तर ते बहुधा न मानवणं आहे. चौथा प्रश्न सातत्याचा. ॲलर्जी असलेलं अन्न साधारणपणे दर खेपेला प्रतिक्रिया देतं. ज्या पदार्थाने कधी होतं आणि महिनाभर काही होत नाही, तिथे दुसरं कारण शोधावं.

या चार प्रश्नांना अपवाद आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय प्रश्न सांगणं अर्धवट ठरेल. काही लोकांना गहू एरवी चालतो, पण पोळी खाऊन लगेच धावलं, खेळलं किंवा वेदनाशामक गोळी घेतली तरच जीवघेणी प्रतिक्रिया येते; तिथे सातत्याचा प्रश्न फसवतो. सुक्या जर्दाळूसारख्या फळांवर टिकाऊपणासाठी वापरलेली सल्फाइट दम्याच्या काही रुग्णांना धाप लावतात, तरी ती आयजीईची ॲलर्जी नसते. तान्ह्या बाळांत अन्नाविषयीची संरक्षणयंत्रणेची एक उशिरा येणारी प्रतिक्रिया असते: पदार्थ खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी, कधी चार तासांनी, उलट्यांवर उलट्या होऊन बाळ पांढरं पडतं आणि मलूल होतं, अंगावर मात्र एकही गांध नसते. शौचातून रक्त पडणं हीही तशीच खूण. बाळाच्या बाबतीत म्हणून ‘पोटाचंच आहे’ असं म्हणून थांबू नये.

चार प्रश्नांपैकी दुसऱ्यापाशी मराठी भाषेत एक खास खड्डा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. जळजळ, आंबट ढेकर, डोकं दुखणं याला आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, आणि अंगावर लाल खाजऱ्या गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणतो. शब्द एक, पण आतली घटना पूर्ण वेगळी. पहिली जठरातल्या आम्लाची, दुसरी त्वचेतल्या हिस्टामिनची. शब्द एक असल्यामुळे उपायही एक होतो: आमसुलाचं पाणी अंगाला लावायचं, थंड दूध प्यायला द्यायचं, पडून राहायला सांगायचं. नुसत्या गांधी असतील आणि त्या तासाभरात विरल्या तर या उपायांनी नुकसान होत नाही. पण कोळंबीचा घास घेतल्यावर गांधी उठल्या, त्यापाठोपाठ उलटी झाली आणि आवाज घोगरा झाला, तर ही साखळी पित्ताची नाही. तेव्हा आमसूल उगाळत बसलेली दहा मिनिटं फार महाग पडतात. आणि ज्याच्या गांधी दुधानेच उठल्या त्याला उतारा म्हणून दूधच पाजलं जाण्याचा धोका या एका शब्दात दडलेला आहे. डॉक्टरांना सांगतानाही ‘पित्ताचा त्रास आहे’ असं मोघम न सांगता अंगावर उठतं की छातीत जळजळतं, हे शब्द उलगडून सांगावं.

काही त्रास असे आहेत की ते या दोन्ही खणांत बसत नाहीत, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते भरपूर सापडतात. सुरण आणि अळू यांनी घसा खवखवतो तो कुणाचाही खवखवतो. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. अळूच्या फतफद्यात चिंच आणि सुरणात आमसूल घालण्यामागचा अनुभव हाच आहे. याला ॲलर्जी म्हणायचं कारण नाही. बांगड्याचं प्रकरण अधिक गंभीर आहे. बांगडा, कुपा, सुरमई या एकाच कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य मुबलक असतं. मासा पकडल्यापासून बर्फात ठेवला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामिन तळल्याने किंवा आमटीत उकळल्याने नाहीसं होत नाही. असा मासा खाल्ला की अर्ध्या-पाऊण तासात चेहरा लालबुंद होतो, अंग खाजतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते. हुबेहूब ॲलर्जी वाटावी असं चित्र. फरक ताटावर बसलेल्यांकडे पाहून कळतो: तोच मासा खाल्लेल्या बऱ्याच जणांना एकदम त्रास झाला असेल तर दोष माशाच्या साठवणुकीचा. कोकण-गोव्यातल्या माणसाने अशा एका प्रसंगावरून मासे जन्मभर सोडणं अन्यायाचं आहे. पण उपचार मात्र याही वेळी डॉक्टरांकडेच घ्यावेत, कारण पहिल्या तासात दोन्हींतला फरक घरी ठरवणं अवघड असतं.

वांग्याचा पुरावा तर फारच बोलका आहे. म्हैसूरमध्ये ७४१ जणांची पाहणी झाली, त्यात नऊ टक्क्यांच्या आसपास लोकांना वांग्याने काही ना काही त्रास होत असल्याचं आढळलं. आयजीईची खरी ॲलर्जी मात्र एक टक्क्याहूनही कमी लोकांत निघाली. बाकीच्यांची खाज खोटी नव्हती. वांग्यातच हिस्टामिनसारखी द्रव्यं असतात आणि ती तोंडाला खाजवतात. त्रास खरा असतो आणि तरीही ती ॲलर्जी नसते, हे समजून घेणं या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे असं मला वाटतं. ‘ॲलर्जी नाही’ म्हणजे ‘तुमचं नाटक आहे’ असा अर्थ होत नाही. हे डॉक्टरांनीही सांगायला हवं आणि सासरच्या-माहेरच्या माणसांनीही.

गव्हाच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. गव्हाची खरी ॲलर्जी असते. सिलिॲक नावाचा आजार असतो, ज्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. ही ॲलर्जी नव्हे आणि न मानवणंही नव्हे, तो आयुष्यभराचा आजार आहे आणि त्यात गहू पूर्ण सोडावाच लागतो. तिसरी गोष्ट पोट फुगण्याची. नॉर्वेत ५९ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ग्लुटेन आपल्याला सोसत नाही असं मानणाऱ्यांना कोणता घटक खाल्ला हे न कळू देता दिला, तेव्हा ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने जास्त त्रास झाला. तेच फ्रुक्टान कांद्यात आणि लसणीत आहे. म्हणजे पोळी सोडून कांदा-लसूण मसाल्याची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाणाऱ्याचं पोट तसंच फुगत राहू शकतं. इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: सिलिॲकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू सोडू नये. गहू आधीच बंद केला तर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान हुकतं. आणि निदान झालंच, तर पोळी सोडून भागत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि फोडणीत हिंग रोजच पडतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढी प्रश्नोत्तरं कशाला, सरळ रक्ततपासणी करून यादी हातात घ्यावी. हा आक्षेप पटण्यासारखा वाटतो, पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. युरोपीय संशोधकांच्या सहकार्याने कर्नाटकात प्रौढांची मोठी पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. रक्तात एखाद्या तरी अन्नाविरुद्धचं आयजीई सापडलेले लोक २६.५ टक्के होते. तपासणी आणि लक्षणं दोन्ही जुळून ॲलर्जीची दाट शक्यता असलेले फक्त १.२ टक्के. म्हणजे नुसत्या अहवालावर विसंबलं असतं तर वीसाहून अधिक पट लोकांना ॲलर्जीचा शिक्का बसला असता. आयजीई सापडणं म्हणजे शरीराने त्या अन्नाची नोंद घेतली आहे, एवढंच. ते अन्न खाल्ल्यावर काही होईलच असं नाही. म्हणून हकिगतीवरून ज्या एका-दोन पदार्थांचा संशय आहे, त्यांचीच तपासणी करावी. काही प्रयोगशाळा शेकडो पदार्थांसाठी आयजीजी या वेगळ्या प्रतिपिंडाची तपासणी करून लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची यादी देतात, तिची किंमत तर त्याहून कमी. आयजीजी आपण जे वारंवार खातो त्याविरुद्ध तयार होतं. रोज पोळी खाणाऱ्याच्या अहवालात गहू लाल दिसला तर त्यात नवल नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि नंतर अमेरिका-कॅनडातल्या संघटनांनीही ही तपासणी अन्नाच्या त्रासासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. केसांच्या नमुन्यावरून ॲलर्जी सांगणाऱ्यांना कोणताच आधार नाही.

दुसरा आक्षेप सावधगिरीचा. शंका असेल तर पदार्थ टाळला, त्यात बिघडलं काय? मोठ्या माणसाने वांगं टाळलं तर खरंच काही बिघडत नाही. पण वाढत्या मुलाचं दूध, अंडं, डाळी, शेंगदाणे एकामागून एक बंद केले, तर त्याचं प्रथिन आणि कॅल्शियम कुठून येणार याचं उत्तर आधी हवं. शिवाय टाळणं नेहमी निरुपद्रवी असतं हेच चुकीचं ठरलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली, ज्यांना ॲलर्जीचा धोका अधिक आहे अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असा सल्ला दिला होता. २००८ साली तो मागे घेतला. त्याच सुमारास लंडनमध्ये ६४० बाळांवर प्रयोग झाला. सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. निम्म्यांना बाळपणापासून नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना दिला नाही. पाच वर्षांचे झाल्यावर न खाणाऱ्यांपैकी १७.२ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. २०१५ साली हे निष्कर्ष आले आणि जगभरचा सल्ला उलटा झाला. बाळाला वरचं अन्न सुरू करताना, साधारण सहाव्या महिन्यापासून, शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत किंवा खिमटात मिसळून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो म्हणून कधीही देऊ नये, आणि तीव्र इसब असलेल्या बाळाला सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी.

तिसरा आक्षेप याच्या बरोबर उलट बाजूने येतो: हे सगळे शहरी लाड आहेत, थोडंथोडं खायला घातलं की सवय होते. न मानवण्याच्या बाबतीत यात तथ्य आहे. दूध थोडंथोडं वाढवत नेलं तर अनेकांना ते सोसू लागतं, आणि कडधान्यं भिजवून, मोड आणून शिजवली तर पोटाला हलकी जातात. पण ज्याला ॲलर्जी ठरली आहे त्याला ‘कळणार नाही’ म्हणून आमटीत चमचाभर कूट घालणं हा प्रयोग कुणीही घरी करू नये. अन्नाची अत्यल्प मात्रा वाढवत नेण्याचा उपचार आहे, पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आपत्कालीन औषधं हाताशी ठेवून केला जातो. ‘आपल्याकडे हे नसतंच’ हेही खरं नाही. कर्नाटकातल्या पाहणीतला आकडा लहान असला तरी शंभरात एकाहून जास्त हे प्रमाण एखाद्या मोठ्या लग्नात चार-पाच माणसं भरतील एवढं आहे.

घरी करता येण्याजोगी खरी तपासणी म्हणजे वही. दोन-तीन आठवडे खाल्लेलं सगळं, मसाल्यासह आणि गोळ्यांसह, वेळेसकट लिहावं. त्रास झाला तर तोही वेळेसकट, आणि गांधींचा फोटो काढून ठेवावा, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत त्या विरलेल्या असतात. वहीवरून एका पदार्थाचा संशय आला आणि त्रास फक्त पोटाचा असेल, तर तो पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहावा आणि मग पुन्हा खाऊन पाहावा. लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. पुन्हा न खाता काहीच सिद्ध होत नाही, आणि एकेक पदार्थ सुटत जातो. त्वचा, श्वास किंवा चक्कर यांचा संबंध एकदा जरी आला असेल तर हा प्रयोग घरी करायचा नाही. तिथे रुग्णालयात, देखरेखीखाली खाऊन पाहण्याची पद्धत आहे आणि निदानाची सर्वांत विश्वासाची कसोटी तीच.

प्रतिक्रिया तीव्र असेल तर एकच औषध जीव वाचवतं: ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. खाजेवरची गोळी गांधी घालवते, घशाची सूज किंवा उतरलेला रक्तदाब तिला सांभाळता येत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर बसू द्यावं, पण उभं करू नये आणि चालवत गाडीपर्यंत नेऊ नये. १०८ ला फोन करून ‘श्वास कोंडला आहे, ॲलर्जीची प्रतिक्रिया आहे’ असं स्पष्ट सांगावं. एकदा असं झालेल्या माणसाने ॲड्रिनॅलिन जवळ ठेवणं आणि घरातल्या दोघांनी ते द्यायला शिकणं डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावं. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबायचंच, कारण लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात.

ॲलर्जी पक्की ठरली की पुढचं काम वाचण्याचं आणि विचारण्याचं. भारतात २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. युरोपात दोन्ही आहेत, आणि अमेरिकेत २०२३ पासून तीळ सक्तीने छापावे लागतात. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या पाकिटांची सवय झालेली असते. तिळाची ॲलर्जी असलेलं त्याचं मूल सुट्टीत इथे आलं, तर वेष्टनावर ठळक उल्लेख नाही म्हणजे तीळ नाहीत असं धरून चालणार नाही, आणि गोड्या मसाल्यात तर तीळ असतातच. घरच्या जेवणाला वेष्टनच नसतं. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत कूट आहे की नाही हे फक्त स्वयंपाक करणाऱ्याला माहीत असतं.

म्हणून आपल्या घरी जेवायला येणारं कुणी ‘मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ असं म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: खाल्ल्यावर काय होतं आणि किती वेळात होतं? उत्तरात गांधी, सूज, श्वास किंवा चक्कर आली, तर त्याच्या ताटातली कोशिंबीर बिनकुटाची वाढून भागणार नाही. त्याचं जेवण आधी, स्वच्छ घासलेल्या कढईत करा, त्याला वेगळी पळी ठेवा, आणि भाज्या तळायला शेंगदाण्याचं घाण्याचं तेल वापरलं असेल तर तेही त्याला सांगा.